गाडलेला हायवे आणि आपल्या पायाखालच्या खाणी

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

हल्ली मोबाइलवर त्या 'ग्राफिटी हायवे'चे जुने रील परत फिरतायत. अमेरिकेतला ओसाड रस्ता, मधोमध मोठ्या भेगा, सगळीकडे रंगानी लिहिलेली नावं, बदाम, आणि कॅप्शन काय तर 'भुताचा रस्ता'. अहो भूत कसलं, तो साधा पेनसिल्वेनियाचा स्टेट हायवे होता, रूट 61, सेंट्रेलिया आणि अ‍ॅशलँडच्या मधला, खाण कामगारांच्या रोजच्या जाण्यायेण्याचा. तो का बंद पडला हे रीलवाले सांगत नाहीत म्हणून हे पत्र, जमलं तर छापा.

1962 च्या मे महिन्यात सेंट्रेलियात सणाच्या आधी गाव साफ करायचं म्हणून जुन्या खाणीच्या खड्ड्यातला कचरा पेटवला असं बहुतेकांचं म्हणणं आहे, आणि ती आग खालच्या कोळशाच्या थरात शिरली. मग टेंडर निघालं, खोदकाम सुरू झालं, पैसे संपले, काम थांबलं, आग पुढे सरकली. परत टेंडर, परत तेच. आपल्याकडच्या कुठल्याही नळयोजनेची फाइल उघडा, हाच क्रम दिसेल. 1979 ला तिथल्या पेट्रोल पंपवाल्यानं, तो गावचा मेयरही होता, जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल मोजलं तर तापमान 172 फॅरनहाइट म्हणजे जवळपास 78 सेल्सियस निघालं. तरी गाव तिथंच. 1981 च्या फेब्रुवारीत 12 वर्षांचा एक पोरगा आजीच्या परसात उभा असताना पायाखालची जमीन खचली, झाडाच्या मुळीला धरून लटकला आणि चुलतभावानं हात देऊन वर ओढला म्हणून वाचला. त्यानंतर कुठं सरकार हललं, आणि 1983 ला 4 कोटी 20 लाख डॉलर मंजूर केले, तेही आग विझवायला नाही, माणसं हलवायला! हजारेक वस्तीचं गाव, 2020 च्या जनगणनेत तिथं 5 माणसं मोजली. पिनकोडसुद्धा 2002 ला काढून घेतला.

रस्त्याखाली आग पोचल्यावर डांबर फुगलं, फाटलं, भेगांतून वाफ यायला लागली. डागडुजी करून बघितली, टिकली नाही, शेवटी 1993 ला साधारण सव्वा किलोमीटरचा तुकडा कायमचा बंद आणि वाहतूक शेजारच्या बर्न्सविलवरनं वळवली. गंमत बघा, ते बर्न्सविलसुद्धा याच आगीपायी उठलं, आज तिथनं फक्त गाड्या जातात. बंद तुकड्यावर मग पोरं स्प्रे घेऊन यायला लागली, 2018 ला जागा खासगी कोळसा कंपनीकडे गेली, आणि 2020 च्या एप्रिलमध्ये कोरोनात गर्दी व्हायला लागल्यावर कंपनीनं शेकडो ट्रक माती टाकून सगळं बुजवलं. नेटवर लोकांनी हळहळ केली की वारसा गेला वगैरे. मला नाही वाटत. गाव गेलं तेव्हा एवढी हळहळ कुणी केली होती?

हे सगळं लिहायचं कारण आपल्या जवळचंच आहे. झारखंडातल्या झरियात 1916 पासून जमिनीखाली कोळसा जळतोय ते एक असू द्या, पण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला 2022 च्या ऑगस्टमध्ये एक आख्खं घर जमिनीत गडप झालं, खाली जुनी अंडरग्राउंड खाण. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. चार दिवस बातम्या आल्या, मग बंद. आम्ही रोज ज्या रस्त्यानं जातो, पोरं स्कूलबसनं जातात, त्याच्याखाली काय आहे हे आम्हाला कोण सांगणार?

मागणी एवढीच की या पट्ट्यातल्या बंद पडलेल्या भूमिगत खाणींचे नकाशे मराठीत करून प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगर परिषदेत भिंतीवर लावा. त्यात रस्ते दाखवा, खाण किती खोल, कधी बंद झाली आणि बंद करताना आत रेती भरली की तशीच पोकळ सोडली, हेही लिहा.

– एक वाचक, चंद्रपूर जिल्हा