‘आत काही आहे का?’ असं विचारणाऱ्या घड्याळवाल्या काकांना

प्रिय काका,

तुमचा मोबाइल बटणांचा, तोही दिवसभर ड्रॉवरमध्ये असतो. म्हणून हे पत्र तुमच्या शेजारी बसणाऱ्या हारवाल्या मुलाकडे पाठवतोय. दुपारी गिऱ्हाईक नसताना वाचून दाखवीन म्हणालाय. पत्र इतरही वाचतील, म्हणून तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही. दादरला जिन्याखाली तुमचं दुकान आहे, एवढं ओळखणाऱ्यांना पुरे.

मी तो बाबांचं एचएमटी जनता घेऊन आलेला. त्याचा काटा अडकत होता. तुमच्या पावतीवर माझ्या नावापुढे तुम्ही ‘गेमवाले’ लिहिलं होतंत. ती पावती मी जपून ठेवली आहे.

आमचं घर तुम्ही पाहिलेलं नाही. गिरणी कामगारांच्या २०१२ च्या सोडतीत बाबांना लागलेलं, सव्वादोनशे चौरस फुटांचं. त्यात मी, बायको, मुलगी, अधूनमधून गावाहून येणारे आई-बाबा आणि माझे तीनशे चाळीस व्हिडिओ गेम. पिवळ्या प्लास्टिकच्या जुन्या कॅसेटी, म्हणजे टीव्हीला लावायचो त्या, ‘६४ इन १’ लिहिलेल्या आणि आत सहाच वेगळे गेम निघणाऱ्या. प्लेस्टेशन टूच्या १२६ डीव्हीडी. पीएसपी, म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र, आणि तिच्या छोट्या चकत्या. आणि गेमबॉय, तसंच हातातलं पण त्याहून जुनं, छोट्या कॅसेटींवर चालणारं. बायकोचं म्हणणं स्वच्छ होतं: एक कपाट. त्यापुढे एक इंच नाही. तिचं काही चुकत नव्हतं. १२६ डीव्हीडींची खोकी नुसती शेजारी शेजारी उभी केली तरी सहा फूट भिंत लागते. आमच्याकडे सहा फूट सलग भिंत एकच आहे आणि तिथे फ्रिज आहे.

तुमच्याकडे येण्याआधी मी कुठे कुठे तोंड पोळून घेतलं ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय हे आभार अर्धे वाटतील.

सुताराने पलंगाखाली मस्त पेटी करून दिली. बाहेरच्या भिंतीला टेकवून. एका पावसाळ्यात गेमबरोबर येणाऱ्या सगळ्या पुस्तिकांवर पांढरी बुरशी. मग महिन्याच्या भाड्याने सामान ठेवून घेणाऱ्या एका गोदामवाल्यांकडे चार खोकी दिली. ‘एकदम ड्राय’ असं फोनवरच्या पोरीने तीनदा सांगितलं होतं. सात महिन्यांनी खोकी परत आली ती खालून मऊ पडलेली. विचारलं तर म्हणे, ओल निसर्गाची असते सर. पैसे मात्र निसर्गाने घेतले नव्हते. नातेवाईक वेगळेच. एका मावसभावाने कळवळ्याने सल्ला दिला, की हे सगळं आता फोनवर फुकट मिळतं, भंगारवाल्याला बोलाव. त्याच मावसभावाने आजोबांची पितळी समई दहा वर्षं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहे, तिला कोणी भंगार म्हणत नाही. माझ्याही हातून कमी चुका झाल्या नाहीत. कसर लागू नये म्हणून डब्यात डांबरगोळ्या टाकल्या, तर सीडीच्या डब्या चिकट झाल्या. पुस्तिकांना लावलेले रबरबँड वितळून कागदाला असे बसले, की आता कागद फाटेल पण रबर निघणार नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट ताईच्या कॅसेटची. गेमबॉयवरचा खेळ, पोकेमॉन रेड. तुम्हाला पोकेमॉन काय ते सांगत बसत नाही. इतकंच, की खेळ जिथे थांबवला ती जागा त्या कॅसेटच्या आत एका बटणाएवढ्या सेलवर टिकून असते. सेल गेला की आठवण गेली. ताईने दहावीच्या सुट्टीत खेळलेला तो खेळ इतकी वर्षं तसाच होता. सेल कधीही मान टाकेल म्हणून मी तो एका चकचकीत दुरुस्तीच्या दुकानात बदलायला दिला. आत जुना खेळ आहे, तो जाता कामा नये, असं बजावून सांगितलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, डोन्ट वरी सर. संध्याकाळी कॅसेट घेतली, घरी लावली. नवा खेळ सुरू करा, एवढंच पडद्यावर. परत गेलो तर तोच मुलगा, तेच हसू: ‘सर, सेल नवा आहे, चालतोय ना?’ ताईला मी हे अजून सांगितलेलं नाही. इथे वाचेल तेव्हा कळेल. ताई, सॉरी.

त्यानंतर मी कुणाला हात लावू देत नव्हतो.

त्या दिवशी तुम्ही जनता उघडत होतात आणि मी तुमचं दुकान बघत बसलो होतो. तीन फूट रुंद, वर जिन्याचा उतार, त्यामुळे तुम्हालाही सरळ उभं राहता येत नाही. आणि त्या तीन फुटांत हजारो घड्याळांचे अवयव. फोटोच्या रोलच्या काळ्या डब्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. दाढीच्या ब्लेडच्या खोक्यांत काटे. औषधांच्या चपट्या पत्र्याच्या डब्यांत काचा, कागदाच्या पुडीत पुडी. कुणी काही मागितलं की तुम्ही न बघता हात मागे नेता आणि नेमकी तीच डबी हातात येते. मला तर कधी एक गेम शोधायचा म्हणजे अख्खा पलंग उचलायला लागायचा. मी म्हणालो, काका, एवढ्याशा जागेत एवढं मावतं कसं? तुम्ही आयग्लास डोळ्यावरून न काढता म्हणालात, ‘खोका ठेवला तर नाही मावत. वस्तू ठेवली तर मावते.’

तिथेच बाकावर बसून मी तुम्हाला सगळं गाऱ्हाणं सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. ‘खेळणी’ हा शब्द वापरला नाहीत. चार प्रश्न विचारलेत, तेही कारागिराने कारागिराला विचारावेत तसे. डबा बंद कधी करतोस, असं विचारलंत तेव्हा मी म्हणालो, पाऊस सुरू झाला की घाईघाईने. तुम्ही मान हलवलीत. पावसात बंद केलेल्या डब्यात पाऊसच बंद होतो, म्हणालात. तुम्ही स्वतः वॉटरप्रूफ घड्याळ जुलैमध्ये शक्यतो उघडत नाही, गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी. झाकण घट्ट असण्याला फारसा अर्थ नाही, आत हवा कुठली कोंडली यावर सगळं आहे, हे माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत आलं नव्हतं. मी नुसते महागाचे डबे घेत सुटलो होतो.

मग मी पिशवीतून बाबांची कॅसेट काढली. काढायची नव्हती, तरी काढली.

ती कॅसेट म्हणजे ‘झेल्डा’ या गेमच्या मालिकेतला गेमबॉयवरचा खेळ, ‘लिंक्स अवेकनिंग डीएक्स’. मामाने २००१ साली मस्कतहून आणलेली. गिरणी संपानंतर बाबा बरीच वर्षं एका कंपनीच्या गेटवर रात्रपाळीचे वॉचमन होते. झोप लागू नये म्हणून माझा गेमबॉय घेऊन जायचे. त्या गेमबॉयच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, म्हणून केबिनमधल्या ट्यूबखाली तो तिरका धरून खेळायचे. इंग्रजी वाक्यं कागदावर उतरवून आणायचे आणि सकाळी शाळेत जायच्या आधी मी अर्थ सांगायचो. खेळाडूचं नाव म्हणून त्यांनी चार इंग्रजी अक्षरं भरली होती, BABA. ते अजून आत होतं.

तुम्ही कॅसेट घ्यायच्या आधी हात पुसलेत. टेबलावरच्या फडक्याला नाही, खिशातल्या धुतलेल्या रुमालाला. कॅसेट कडांना धरलीत, मागचा स्क्रू भिंगातून पाहिलात. तोंडाने फुंकर मारायला मी पुढे झालो, तर माझा हात बाजूला केलात आणि रबरी फुग्याने हवा मारलीत. फुंकरीबरोबर थुंकी जाते, म्हणालात. आमच्या अख्ख्या पिढीने फुंकून फुंकून कॅसेटी चालवल्या, काका. पुढे वाचलं, की निन्टेन्डो कंपनीही फुंकू नका असंच सांगते.

मी म्हटलं, आत सेल आहे, जुना झालाय. तुम्ही पेचकस उचललात. स्क्रूपर्यंत नेलात. आणि थांबलात.

‘आत काही आहे का?’

मला कळेना. तुम्ही पुन्हा विचारलंत, ‘सेल काढला तर आतलं काही जाईल का?’

मी म्हटलं, हो. बाबांचा खेळ आहे.

तुम्ही पेचकस खाली ठेवलात. कॅसेट माझ्या हातात परत दिलीत आणि म्हणालात, ‘मग आज मी हात लावत नाही. आधी ते काढून ठेवणारा कुणी शोध, नंतर ये. हा सेल पळून जात नाही.’

काका, तुम्हाला हे पत्र त्या थांबण्यासाठी आहे. तुम्हाला गेमबॉय ठाऊक नव्हता. असली कॅसेट तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली होती. ज्यांच्या दुकानावर गेमबॉयचं चित्र लावलंय त्यांना सांगूनही कळलं नव्हतं, आणि तुम्हाला न सांगता कळलं. सत्तर-ऐंशी रुपयांचं काम समोर आलं होतं आणि ते तुम्ही परत पाठवलंत. परतताना ट्रेनमध्ये मला उगाचच भरून आलं. इतक्या वर्षांत माझ्या वस्तूंबद्दल लोकांनी किती जागा अडते ते विचारलं, किंमत किती येईल ते विचारलं, वय काय तुझं तेही विचारलं. आत काही आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं.

पुढचं भराभर सांगतो. कॅसेटमधला खेळ कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं छोटं यंत्र मिळतं, ते ठाण्याच्या एका मुलाकडे निघालं. बाबांच्या खेळाची नक्कल तीन ठिकाणी ठेवली. दोन आठवड्यांनी आलो, तेव्हा डाग लावायला तुम्ही पलीकडच्या रेडिओवाल्यांना बोलावलंत आणि ते काम करेपर्यंत स्वतः भिंग धरून उभे राहिलात, वाकून, त्या जिन्याखाली. बंद करायच्या आधी पेन्सिलीने एक बारीक चिठ्ठी लिहून आत सरकवलीत: तारीख, ‘सेल बदलला’ आणि तुमची खूण. घड्याळाच्या झाकणाच्या आत तुम्ही ओरखडा काढून ठेवता तशी. पुढच्याला कळावं, म्हणालात. हा पुढचा कोण, ते मी विचारलं नाही. माझी मुलगी असावी.

घरचं काम जानेवारीत केलं, हवा कोरडी असताना, रविवारी सकाळी पंखा लावून. डीव्हीडी खोक्यातून काढून पाकिटांत उभ्या लावल्या. सहा फुटांच्या जागी जेमतेम फूटभर लागला, माझा विश्वास बसेना. वेष्टनाचे कागद आणि पुस्तिका न दुमडता फायलीत. रिकामी खोकी माळ्यावर, त्यांना ओल लागली तरी पुसता येते. ओल शोषणारे नारंगी दाणे प्रत्येक डब्यात. हिरवे पडले की बदलायचे. पीएसपीची बॅटरी बाहेर काढली तर ती टम्म फुगलेली निघाली, अजून एक वर्ष राहिली असती तर झाकण फोडून आली असती. पलंगाखालची पेटी भिंतीपासून हातभर सरकवली. आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, आत काय आहे त्याची. मुलीचं अक्षर चांगलं आहे म्हणून तिच्याकडून लिहून घेतल्या. एका डब्यावर तिने ‘आजोबांचं’ एवढंच लिहिलंय.

सगळं एका कपाटात बसलं. बायकोने टेप लावून मोजलं, खरं सांगतो. वरचा एक खण रिकामा निघाला तेव्हा ती काही बोलली नाही, तिथे तिने इडलीपात्र ठेवलं.

बाबा शिमग्यानंतर आले होते. त्यांना गेमबॉय दिला. चष्मा कपाळावर सारून त्यांनी तो खिडकीपाशी तिरका धरला, अगदी तसाच. आपलं नाव बघितलं आणि म्हणाले, ‘ती आठवी गुहा राहिलीय माझी.’ दोन दिवस बसले होते, गुहा काही सुटली नाही. जाताना गेमबॉय गावाला नेऊ का म्हणाले. मी नाही म्हटलं. कोकणातली ओल तुम्हाला माहीत आहे. अजून वाईट वाटतंय. पुढच्या खेपेला बहुतेक देईन, दाण्यांच्या पुडीसकट.

आता एक कामाचं बोलतो. हारवाला मुलगा म्हणाला, तुमची इमारत पाडायला काढली आहे, गणपतीनंतर दुकान खाली करायचं आहे, आणि नव्या इमारतीत जिन्याखाली काही मिळेल की नाही याची कुणाला खात्री नाही. ते कसं सुटेल ते मला माहीत नाही. पण तोवर त्या काळ्या डब्या, पत्र्याची खोकी आणि तुमचे ड्रॉवर कुठे ठेवणार, असा प्रश्न असेल तर आमच्या पलंगाखाली आता चार फूट बाय दोन फूट जागा मोकळी आहे. भिंतीपासून सुटी, कोरडी. बायकोला विचारलंय, तिने हो म्हटलंय. फक्त सामान पाऊस पुरता संपल्यावर हलवूया. डब्यांवरच्या चिठ्ठ्या जुन्या झाल्या असतील तर मुलगी नव्या लिहून देईल, तुम्ही शेजारी बसून सांगा कशात काय आहे ते.

तुमचा,
गेमवाले