बेलडोंगरीचा दगड

नागपूर,
एप्रिल महिना

प्रिय सखे,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. तब्येत बरी आहे, ऊन मात्र आताच भाजून काढतंय. उशीर झाला खरा, पण परवा प्रॅक्टिकलला जे झालं ते आधी ऐक.

व्रेडेनबर्गाइट, ते मँगनीजचं धातुक, आठवतं? आपल्या फील्ड ट्रिपला तुझं चुंबक ज्याला चिकटलं, ते. फर्मरने 1908 च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या धातुकाला भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या व्रेडेनबर्ग या सहकाऱ्याचं नाव दिलं. आज खनिजांच्या यादीत ते स्वतंत्र खनिज म्हणून नाही. तरी मी ते दरवर्षी शिकवते.

पोरांना आधी नुसता दगड हातात दिला. पोलादी, काळपट, सगळीकडे सारखा. मग त्याचा पॉलिश केलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि क्रॉस्ड निकोल, म्हणजे प्रकाश गाळणारे एकमेकांना आडवे दोन ध्रुवक, लावून दगडाखालची स्टेज फिरवायला सांगितली. एकमेकींना छेदणाऱ्या हॉसमनाइटच्या बारीक पट्ट्या उजळू-विझू लागल्या; मधलं जेकब्साइट अंधारातच राहिलं. एक दगड, दोन खनिजं!

भंडाऱ्याकडची एक पोरगी बराच वेळ डोळा लावून बसली होती. म्हणाली, "मॅडम, मग फर्मर चुकला का?"

अगं, या प्रश्नासाठीच मी मास्तरकी करते. सूत्रं पाठ करून घेणाऱ्या अभ्यासक्रमात असा प्रश्न कुणी विचारत नाही. तिला म्हटलं, दगड कुटून त्याचं रासायनिक पृथक्करण केलं तर दोघांचा मिळून एकच आकडा येणार. शिवाय प्रचंड उष्णतेत ते खरंच एकजीव होतं. थंड होताना लोह जास्त असलेला भाग, म्हणजे जेकब्साइट, आणि मँगनीज जास्त असलेला भाग, म्हणजे हॉसमनाइट, वेगळे झाले. पहिल्याचे स्फटिक सगळ्या बाजूंनी सारखे, घनाकृती राहिले, दुसऱ्याचे एका बाजूने लांबट झाले. ती काही बोलली नाही. पुन्हा स्टेज फिरवत बसली.

माझं संशोधनही तिथेच अडकलंय. पट्ट्यांची जाडी मोजतेय. सावकाश निवलेल्या दगडात त्या जाड व्हायला हव्यात. बारीक ठिपक्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या मायक्रोप्रोब यंत्रासाठी बाहेरगावी नंबर लावून आठ महिने झाले, अजून तारीख नाही. फार जीव जळतो.

म्हणून एक मागणं आहे. त्या ट्रिपचा तुझा तुकडा अजून टेबलावर आहे ना? नखाएवढा कापून पाठव. आणि तो नेमका कुठल्या थरातला, ते तुझ्या जुन्या फील्ड डायरीत लिहिलं असेल; ते पानही बघून कळव.

तुझी,
नागपूरची मैत्रीण