सहलीच्या पत्रकातील ‘वेळ मिळाल्यास’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीतील परदेश सहलींच्या जाहिराती सध्या आपल्या दैनिकात रोज वाचायला मिळतात आणि त्यांत आफ्रिकेतील जंगल सफारीही असते, म्हणून हे पत्र. गेल्या वर्षी आम्ही काही कोल्हापूरकर येथील एका सहल संयोजकांबरोबर युगांडाला गेलो होतो. तेथील क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानात जॉर्ज आणि एडवर्ड या दोन सरोवरांना जोडणारा काझिंगा हा ३० किलोमीटरहून लांब नैसर्गिक प्रवाह आहे. म्वेया येथून सुटणाऱ्या बोटीतून दोनेक तासांत तेथे जेवढे दिसते, तेवढे आम्हाला दिवसभर जीपमध्ये धूळ खाऊनही दिसले नव्हते. कारण उन्हे तापली की हत्ती, रानम्हशी स्वतःहून पाण्यावर येतात, आपण फक्त गप्प बसायचे असते.

नेमके तेच आम्हाला जमले नाही. पहिला हत्ती दिसताच निम्मी मंडळी एका बाजूला धावली, बोट कलली, आणि नावाड्याने इंजिन बंद करून अक्षरशः हात जोडले. पुढे काठालगत पाणघोड्यांचा कळप होता. कान, डोळे आणि नाकपुड्या एवढेच पाण्यावर. (पंचगंगेच्या घाटावर म्हशी डुंबताना पाहत वाढलेल्या माणसाला या जनावरास घोडा म्हणणे काही पटत नाही.) त्यातील एका नराने जबडा वासला, तेव्हा ‘जांभई देतोय, जवळ घ्या’ असा आमच्यातून आग्रह सुरू झाला. ती जांभई नसून दूर राहण्याचा इशारा असतो, हे वाटाड्याने सांगितले तेव्हा कोणाच्या तरी मोबाइलवर गाणे चालू होते. पाणघोड्याची कातडी उन्हात कोरडी पडून तडकते, म्हणून तो दिवस पाण्यात काढतो आणि चरायला रात्री बाहेर पडतो, हेही त्याने सांगितले. ऐकणारे आम्ही चौघेच होतो. काठाच्या मातीत बिळे करून राहणारा कवड्या खंड्या हवेत एका जागी फडफडत थांबून पाण्यात सूर मारत होता. हा पक्षी आपल्याकडेही आहे, पण तो इतक्या जवळून मी तेथेच प्रथम पाहिला.

दोष सहप्रवाशांचा आहेच, माझाही आहे, कारण मीही वेळीच कोणाला अडवले नाही. तरीही गोरिला पाहायला जाण्याआधी तेथील वनरक्षक अंतर किती ठेवायचे, आवाज किती करायचा हे सगळ्यांना बसवून समजावतात आणि तेव्हा हीच मंडळी शाळकरी मुलांसारखी शिस्तीत चालली होती. बोटीला मात्र संयोजकांनी फावल्या वेळेतील मौज मानले. पत्रकात तिचा उल्लेख ‘वेळ मिळाल्यास’ असा होता, त्यामुळे आम्ही धावतपळत धक्क्यावर पोहोचलो आणि कोणी काही सांगण्याआधीच बोट सुटली.

येथील संयोजकांनी निघण्यापूर्वी कोल्हापुरातच प्रवाशांना एकत्र बोलावून अर्धा तास बोटीतील वागण्यासाठी द्यावा: जागेवरून न उठणे, जीवरक्षक जाकीट न काढणे, खाद्यपदार्थ पाण्यात न टाकणे, नावाड्याला ‘अजून जवळ’ म्हणून न भरीस घालणे. आणि पत्रकातील ‘वेळ मिळाल्यास’ हे दोन शब्द काढून तेथे बोट सुटण्याची नक्की वेळ छापावी.

आपला,
एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर