तुझं तिसरं प्रकरण

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत चारही रात्री तुझ्या खोलीतला दिवा पहाटेपर्यंत चालू होता. आईला वाटलं, पोरगी प्रबंध लिहितेय. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा डोकावलो. पडद्यावर प्रबंधातली कोष्टकं आपोआप मांडून देणारा प्रोग्रॅम होता! आईला काही बोललो नाही.

प्रोग्रॅम लगेच सांगतो, अठराव्या ओळीत चूक आहे. ती काढली की विसाव्या ओळीत. दर वेळी वाटतं, आता एवढं एकच. प्रकरणाचं तसं नाही. ते गाइडकडे तीन आठवडे पडून राहतं आणि परत येतं ते शेऱ्यांनी भरून. जिथे हाकेला लगेच ओ मिळते, तिकडेच माणूस वळणार.

छापखान्यात मीही हेच केलंय. ऐन लग्नसराईत पत्रिकांची कामं तुंबलेली, आणि मी रात्रभर एका मथळ्यातल्या खिळ्यांमध्ये कागदाचे कपटे खोचून फटी सारख्या करत बसलो. गिऱ्हाइकाला त्या दिसल्याही नसत्या. पत्रिका मात्र त्याच्या हातात पडल्या मुहूर्ताच्या दोन दिवस आधी.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांची गोष्ट तूच मला सांगितलीस. १९७७ साली त्यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. छपाईत शिशाचे खिळे जाऊन फोटोने अक्षरं जुळवायची पद्धत आली होती. ती अक्षरं बघून ते वैतागले आणि जुळणीचा स्वतःचाच प्रोग्रॅम, टेक, लिहायला बसले. वर्षभराचं काम म्हणून धरलं, दहाएक वर्षं गेली. तिसरा खंड १९७३चा, चौथ्याचा पहिला भाग पुस्तक होऊन आला २०११ साली. जगभरातलं गणित आज टेकवर जुळवलं जातं, तुझा प्रबंधही. त्यामुळे ती वर्षं वाया गेली म्हणायची माझी छाती नाही. जुळारी म्हणून तर मी त्यांच्याच बाजूचा. पण मने, या नादी लागण्याआधी त्यांचे तीन खंड छापून झाले होते. तुझं तिसरं प्रकरण?

कोष्टकं वाकडीतिकडी असू देत. आहे तेवढं छापून कुरियरने पाठव. विषय मला कळायचा नाही, पण स्पेलिंगं आणि स्वल्पविराम बघीन. मुद्रितं तपासायची सवय अजून गेलेली नाही.

आईने अनारशांचा डबा भरून ठेवलाय. प्रकरण आल्यावरच पाठवणार म्हणते. मी खरंच काही बोललो नव्हतो.

तुझे,
बाबा