तीन वाजता उठलेच आहे तर

सोलापूर, बुधवार

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

गड्ड्याच्या जत्रेला आलीस आणि भांडून गेलीस. हुतात्मा एक्सप्रेस सुटली तरी खिडकीतून हात केला नाहीस. नीट झोपतेस ना?

माझ्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी तू कचऱ्यात टाकलीस ते बरोबरच होतं. चिठ्ठीशिवाय आणलेल्या. पण काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्या अशा एकदम तोडायच्या नसतात, हळूहळू कमी करायच्या. म्हणजे थोडी मीही बरोबर. असू दे.

मेमध्ये सोलापुरात घाम कुणाला येत नाही? मी सगळं उन्हावर ढकललं. पण आता थंडीतही तेच. तीनला पाठ ओली, चादर लाथाडते, पंखा लावते, पाच मिनिटांत हुडहुडी, की पुन्हा तीच जड चादर ओढते. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन घटलं की मेंदूला जराशी ऊबही सोसत नाही म्हणे. पाळी थांबून सात महिने झालेत; सलग 12 महिने आली नाही, की मग गेली म्हणायचं. हार्मोनच्या गोळ्यांचं तपासण्या बघून ठरवतील. बाबांना विचारून मी घोरते का तेही सांगायचंय. घोरतो कोण, आणि विचारायचं कुणाला!

तोवर आजीचं सुती लुगडं पांघरते. रात्र कशीही गेली तरी साडेपाचला उठायचं, दुपारनंतर चहा नाही, झोप येईना तर लोळायचं नाही, उठून बसायचं. तूही रात्रपाळीहून आलीस की खोलीत अंधार कर, मोबाईल लांब ठेव, कॉफी तर... राहू दे. सुरू झालं माझं. चिडू नकोस.

आजी आठवते. पन्नाशीला आली तेव्हा रात्री दोनला उखळात शेंगाची चटणी कुटत बसायची. आम्ही पांघरुणातून ओरडायचो, ‘आई, झोपू दे की!’ तिला झोप का येत नाही, हे एकानंही विचारलं नाही. तू विचारलंस. पट्टी फेकून का होईना. बाबांना सांगताना मला रडू आलं, ते म्हणाले, हार्मोन असतील.

पण पोरी, 26 व्या वर्षी तुझ्या डोळ्यांखाली एवढं काळं कशानं? दिवसा किती तास झोपतेस, खरं सांग.

चटणीचा डबा फ्रीजवरच राहिलाय. शेजारचे शनिवारी पुण्याला निघालेत, त्यांच्याकडे देते, उठून घेऊन ये. नळ वाजायला लागला, पाचव्या दिवशी आलंय पाणी. पिंप भरायचंय.

तुझी
आई