नकाशा समोर ठेवून वाचा

गोथेनबर्ग,
१५ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

व्हिडिओ कॉलवर तुम्हाला घर दाखवायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा आईला गरगरलं आणि बाबा म्हणाले, "ताई, असं नाही समजत. नकाशा पाठव, मापांसकट." म्हणून सोबत दोन्ही मजल्यांचा नकाशा मोठ्या कागदावर छापून पाठवतेय. खोल्यांची नावं स्वीडिशमध्ये होती, त्यांच्यापुढे मी पेन्सिलीनं मराठी लिहिलंय. बाबा, नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरा, उत्तर वरच्या बाजूला येऊ द्या, आणि आईला शेजारी बसवून हे मोठ्यानं वाचा. मी दारापासून सुरुवात करते.

बाहेरून घर १२ मीटर लांब आणि साडेआठ मीटर रुंद. खालचा मजला आणि वर उतरत्या छताखाली दुसरा, मिळून आतली जागा १६५ चौरस मीटर, म्हणजे साधारण पावणेअठराशे चौरस फूट. इथे जाहिरातीत भिंतींच्या आतलं राहण्याचं क्षेत्रफळच धरतात, त्यामुळे बिल्ट-अप किती आणि कार्पेट किती हा तुमचा नेहमीचा प्रश्न इथे पडत नाही. सगळं घर लाकडी सांगाड्याचं आहे. तुम्ही विचारलं होतं की लाकडाचं घर टिकेल का. बाबा, या देशात शंभर-दीडशे वर्षांची लाकडी घरं लोक रोज वापरतात. त्यांना जो लाल रंग देतात तो फालून गावच्या तांब्याच्या खाणीतून निघणाऱ्या मातीपासून होतो. खाण १९९२ साली बंद झाली, पण रंग अजून बनतो. आमचं घर मात्र पांढरं आहे. भिंतीची जाडी ४० सेंटिमीटर, पण त्यातला बहुतेक भाग खनिज लोकरीचा, थंडी अडवायला. आपल्या नऊ इंची विटेच्या भिंतीच्या पावणेदोनपट झाली.

आता सूर्याचं सांगते, कारण हा सगळा नकाशा सूर्यानं ठरवलाय. सातारा १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि हे गाव ५७.७ अंशांवर. बरोबर ४० अंशांचा फरक. २१ डिसेंबरला भर दुपारी साताऱ्यात सूर्य क्षितिजापासून ४९ अंश वर असतो, इथे जेमतेम ९ अंश. पाचगणीच्या बाजूला तो डोंगराआड जाण्याआधी जेवढा खाली आलेला दिसतो, तेवढा इथे दुपारी बारा वाजता. उगवतो पावणेनऊच्या पुढे आणि मावळतो साडेतीनच्या आत. म्हणून दक्षिणेची जवळजवळ सगळी भिंत काचेची आहे आणि उत्तरेला खिडक्या लहान नि मोजक्या. आपण पश्चिमेचं ऊन टाळायला गुलमोहर लावला. इथे पश्चिमेच्या लाकडी ओट्यावर संध्याकाळचं ऊन येतं म्हणून घराची किंमत वाढते. डिसेंबरात आभाळ बहुतेक दिवस भरलेलं असतं, पण ज्या दिवशी ऊन पडतं त्या दिवशी ते दक्षिणेच्या काचेतून शिरून पार पुढच्या दारापर्यंत जातं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा धाकटीला म्हटलं, सगळी कामं ठेव बाजूला, चल बस इथे. आम्ही दोघी पाऊण तास जमिनीवर उन्हात बसून होतो.

दार उत्तरेला. आत आलं की छोटी चौकोनी जागा, खाली फरशी, फरशीखाली ऊब. इथेच जोडे काढायचे. हे लोक घरात जोडे घालत नाहीत, आई, पाहुणेसुद्धा न सांगता काढतात. बसून बूट घालायला बाक आहे, आणि कोटांसाठी भिंतभर कपाट. या कपाटाला आम्ही दारं बसवून घेतली, आधी नुसते हुक होते. मिरचीची फोडणी दिली की तिचा वास लोकरीच्या कोटात आठवडाभर राहतो.

आत शिरल्यावर डाव्या हाताला, म्हणजे पूर्वेला, एक दार आहे. ते आत्ता सोडून द्या. तिथे शेवटी येते.

उजव्या हाताला धुण्याची खोली. तिला बाहेरून वेगळं दार आहे. चिखलानं माखलेली मुलं, भिजलेले कपडे, कुत्रा असेल तर कुत्रा, सगळं या दारानं आत यायचं. आई, ही आपली मागच्या दाराची मोरीच. मशीन आहे, खोल कुंडी आहे, आणि एक उंच कपाट ज्यात ओले कपडे टांगून गरम हवेनं वाळवतात. शाळा-पाळणाघरात मुलांना पावसात आणि बर्फातही बाहेर खेळायला नेतात, त्यामुळे या कपाटावाचून चालत नाही. बाबांसाठी सांगते, जमिनीला चारी बाजूंनी जाळीकडे उतार आहे आणि फरशीच्या खाली पाणी अडवणारा अखंड थर भिंतीवर चढवून घेतलेला. विकत घेण्याआधी तपासणीला आलेल्या माणसानं सगळ्यात जास्त वेळ या खोलीत आणि न्हाणीघरात घालवला. लाकडी घराचा शत्रू पाणी, तो म्हणाला. तुम्हीही घर बघताना आधी मोऱ्या बघता, ते आठवलं.

आता दक्षिणेची मोठी खोली. पश्चिमेकडे बसायची जागा, पूर्वेकडे स्वयंपाकघर, मध्ये जेवणाचं टेबल, भिंत कुठेच नाही. बसायच्या खोलीला स्वीडिशमध्ये जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ 'रोजच्या दिवसाची खोली'. पूर्वी यांच्याकडेही एक 'चांगली खोली' असायची, पाहुण्यांसाठी आणि सणावारासाठी राखलेली, मुलांना मनाई असलेली. आपल्या दिवाणखान्यातल्या सोफ्यावर अजून चादर घातलेली असते ना आई, तशी. ती खोली आता यांनी बहुतेक टाकून दिली आहे. आई, उन्हाळ्यात आलीस की बघ, ती चादर तूही काढशील असं मला वाटतं.

स्वयंपाकघर आग्नेय कोपऱ्यात आलंय! तू पहिलं हेच विचारणार हे मला माहीत होतं. बांधणाऱ्यानं वास्तुशास्त्र पाहिलं नव्हतं. सकाळचा चहा उन्हात व्हावा म्हणून स्वयंपाकघर तिथे ठेवलं. पण तुझ्या मनासारखं झालं.

या ओट्याबद्दल मला सविस्तर सांगायचंय. १९४४ साली इथे घरकामाचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली. बाई दिवसभरात किती वेळा वाकते, किती पावलं चालते, कुठल्या उंचीवर भांडी घासताना पाठ दुखते, हे तिथे रीतसर मोजलं गेलं. त्या कामातून पुढे १९५० मध्ये स्वयंपाकघराची मापं ठरली. म्हणून आजही इथलं कपाट ठरलेल्या मापांत येतं आणि कुठल्याही कंपनीचं भांडी धुण्याचं मशीन कुठल्याही घरात बसतं. आई, तुझा ओटा गवंड्यानं त्याच्या कमरेच्या अंदाजानं बांधला आणि तू अडतीस वर्षं पाटावर उभं राहून पोळ्या लाटल्यास. कुणाच्या हे मनातसुद्धा आलं नाही. माझ्याही नाही. मी इथे ते वाचलं त्या रात्री मला तुझा तो पाट आठवून झोप लागली नाही. आमचा ओटा ९० सेंटिमीटर आहे, तो तुला उंच होईल. म्हणून सुताराकडून ओट्याखाली एक ओढता फळा करून घेतलाय, जमिनीपासून ७६ सेंटिमीटरवर. खुर्चीवर बसून लाटता येईल. तुझ्या पोळपाटाचं माप धरून केलाय.

शेगडी इंडक्शनची. बिडाचा तवा छान चालतो, अ‍ॅल्युमिनियमची कढई चालत नाही. देव पूर्वेच्या भिंतीतल्या कोनाड्यात आहेत. उदबत्ती मात्र खिडकीजवळ लावते, कारण छताला धुराची घंटा आहे.

खिडक्यांची एक गंमत. प्रत्येक खिडकीच्या वर एक हुक आणि जवळच विजेचा बोर्ड. डिसेंबरच्या अंधारात लोक खिडकीत कागदाची चांदणी टांगतात आणि खाली सात दिव्यांची कमान ठेवतात. रस्त्यावरून चालताना घरागणिक उजेड दिसतो. आमच्या हुकाला आधी आकाशकंदील लागला. तुळशीचं लग्न होईपर्यंत होता. मग त्याच हुकाला मुलांनी चांदणी लावली. समोरच्या आजींनी आकाशकंदील पाहून विचारलं होतं की यंदा इतक्या लवकर का. त्यांना घरात बोलावून चकली दिली, आता त्या येत-जात असतात.

वरच्या मजल्यावर आमची खोली, मुलांच्या दोन खोल्या, न्हाणीघर आणि मध्ये एक सगळ्यांची जागा जिथे मुलं पसरलेली असतात. छत दोन्ही बाजूंना उतरतं, तिथे पलंग आहेत. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो म्हणून झोपायच्या खोल्यांना काळे पडदे. वरचं एवढंच.

बाबा, बोअरचं सांगायचं राहिलं. अंगणात ज्या लोखंडी झाकणावर मी खूण केलीय तिथे १७० मीटर खोल भोक आहे, खडकात. पाण्यासाठी नाही, उबेसाठी. नळीतून न गोठणारं पाणी खाली जातं, शून्याच्या आसपास, आणि तीनेक अंशांनी गरम होऊन वर येतं. एवढ्याशा फरकातून पंप सगळं घर आणि आंघोळीचं पाणी तापवतो. एक युनिट वीज खर्च केली की सुमारे तीन युनिटांची ऊब मिळते. आपण २८० फूट खणलं आणि धूळ निघाली, त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हता. मी हे झाकण पाहिलं की तो दिवस आठवतो.

आता डावीकडचं ते दार उघडते.

१२ चौरस मीटरची खोली, पूर्वेला खिडकी, खाली उंबरा नाही. तिला लागून न्हाणीघर, त्यालाही उंबरा नाही, दार उघडल्यावर मोकळी रुंदी ८० सेंटिमीटर. आत माणूस चाकाच्या खुर्चीत बसून पूर्ण वळू शकेल एवढी जागा, आणि भिंतीत कठड्यासाठी आधीच लाकूड भरून ठेवलेलं. आम्ही घर पाहायला गेलो तेव्हा मी विचारलं, आधीच्या मालकांकडे कुणी आजारी होतं का? दाखवणारी बाई म्हणाली, नाही, हा नियम आहे. हे घर बांधलं तेव्हाच्या नियमाप्रमाणे दोन मजली घरात खालच्या मजल्यावर न्हाणीघर, स्वयंपाक आणि वेगळा करता येईल असा बिछाना, एवढं असलंच पाहिजे, पायऱ्या न चढू शकणाऱ्या माणसाला पुरेल असं. घर घेणारा पंचविशीतला धडधाकट असला तरी.

मी तिथेच उभी राहिले. मला आजी दिसली. शेवटची दोन वर्षं तिची खुर्ची आपल्या न्हाणीघराच्या दारातून जात नव्हती. तुम्ही आणि काका तिला दोन्ही बाजूंनी उचलून आत न्यायचात आणि ती डोळे मिटून घ्यायची. तेव्हा मला वाटायचं तिला दुखतंय. ती लाजत होती, बाबा. हे मला फार उशिरा कळलं.

तुम्ही ते घर स्वतः आखलंत, प्रत्येक वीट स्वतः मोजून घेतलीत, मला त्या घराचा अभिमान आहे. पण तेव्हा तुम्ही चौतीस वर्षांचे होता. आता आईच्या गुडघ्यांना झोपायच्या खोलीच्या सतरा पायऱ्या रोज नको झाल्यात, ती सांगत नाही. तुम्ही दोघं इथे कायमचे येणार नाही हे मला मान्य आहे; मे महिन्यात या, ९० दिवस राहा, या खोलीत झोपा, आणि परत जाऊन आपल्या घरात अशीच एक खोली करा. जिन्याखालची कोठी आणि तिला लागून असलेली मागची मोरी, दोन्ही मिळून होईल असं मला वाटतं. खर्च आम्ही दोघं करणार, तुमच्या जावयांशी बोलणं झालंय. आखणी मात्र तुम्हीच करायची, दुसऱ्या कुणाची मला नको.

फोनवर नाही म्हणायच्या आधी टेप काढा आणि एवढी मापं कळवा: कोठीची लांबी-रुंदी, मोरीच्या दाराची मोकळी रुंदी, उंबऱ्याची उंची, आणि मधली भिंत नऊ इंची आहे की साडेचार. टेपचं दुसरं टोक आईला धरू द्या.

तुमची,
ताई