वाचनातली अडचण दुसरीतच हेरा

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी विशेष शिक्षिका आहे, गोवंडी-मानखुर्द भागातल्या मुलांना वाचायला शिकवते. तिसरीतला एक मुलगा बालभारतीतली अख्खी कविता घडाघडा म्हणतो. मध्येच त्याचं बोट उचलून चौथ्या ओळीवर ठेवलं, तरी तोंडी दुसरीच ओळ चालू. कविता पाठ आहे, वाचता येत नाही. फळ्यावर नुसतं 'प्रकाश' लिहिलं की पहिल्याच जोडाक्षराशी गाडी अडते. प्रगतिपुस्तकातला शेरा: 'अभ्यासात लक्ष नाही.'

लक्ष आहे हो! डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी असूनही अक्षरं-शब्द वाचताना अडणं, असलेली मुलं वाचत असताना काढलेल्या एफएमआरआय चित्रांत (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) मेंदूच्या डाव्या बाजूचे दोन भाग इतर मुलांपेक्षा कमी सक्रिय दिसतात. एक अक्षराची ध्वनीशी सांगड घालणारा, दुसरा ओळखीचा शब्द एका नजरेत टिपणारा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बुद्ध्यांक कमी असो वा जास्त, वाचनात अडणाऱ्या मुलांमध्ये हाच नमुना आढळला. (आपल्याकडे अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राच्या वाटेवर बुद्ध्यांकाची पायरी अजून आहेच.) त्याआधी २००३ साली, डिस्लेक्सिया असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या २० मुलांना ध्वनी आणि भाषेचा सराव दिल्यावर डाव्या बाजूची सक्रियता वाढली, वाचनही सुधारलं. अभ्यास छोटा होता, पण दिशा कळते.

म्हणून स्कॅनची यंत्रं घ्या, असं मात्र मी म्हणत नाही. स्कॅनवरून एकेका मुलाचं निदान होत नाही. होतं असं सांगणाऱ्यांपासून पालकांना सावध करा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली, त्यात डिस्लेक्सियाही येतो, हे चांगलंच झालं. पण आमच्याकडचे पालक धावाधाव करतात ती नववी-दहावीत, जादा वेळ आणि लेखनिक मिळावा म्हणून. आई दिवसाची मजुरी बुडवून ओपीडीच्या रांगेत उभी राहते. तोवर शिकवण्याची सात-आठ वर्षं हातची गेलेली असतात.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' ही डिस्लेक्सिया हेरणारी चाचणी मराठीतही आहे. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी वर्गशिक्षकांनी भरायची प्रश्नावली तिच्यात आहे. येत्या जूनपासून मुंबईतल्या प्रत्येक शाळेत दुसरीला ती लावा. अडखळणाऱ्या मुलांसाठी विशेष शिक्षकांची पदं भरा. आणि ज्या आठवड्यात ती प्रश्नावली भरायची, त्या आठवड्यात तरी वर्गशिक्षकांना मतदार याद्यांच्या कामाला जुंपू नका.

आपली,
एक विशेष शिक्षिका, मुंबई